इन्कम टॅक्स रिटर्न प्रोसेस झालंय पण जुन्या कंपनीचा पगार दाखवायचा राहिला, आता बदलता येईल का?

सिन्नरकर_दादा
नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावाचा आहे, तो स्वतः काही विचारणार नाही म्हणून मीच टाकतोय. त्याने गेल्या वर्षी नोकरी बदलली. एप्रिल ते ऑगस्ट २०२४ पुण्याला होता, महिना ७२ हजार, आणि सप्टेंबर ते मार्च नाशकात नवीन ठिकाणी महिना ९० हजार. रिटर्न वेळेत भरलं, यंदा २०२५च्या ऑगस्टमध्येच, न्यू रिजीम (टॅक्सची नवी पद्धत), आयटीआर-१ (पगारदारांचा साधा फॉर्म). पण जुन्या कंपनीने तोवर फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) दिला नव्हता आणि एचआर फोन उचलत नव्हता, तर या पठ्ठ्याने प्रीफिल्डमध्ये त्या कंपनीची जी ओळ आपोआप आली होती तीच डिलीट केली आणि नवीन कंपनीचे ६ लाख ३० हजार तेवढे दाखवून मोकळा झाला. टॅक्स शून्य, रिफंड शून्य. बंगळुरूच्या सीपीसीकडून (खात्याचं रिटर्न प्रोसेस करणारं केंद्र) इंटिमेशनही आलं, काही देणं नाही काही घेणं नाही असं. आता दिवाळी झाल्यावर जुन्या कंपनीचा फॉर्म १६ मेलवर आलाय, ३ लाख ६० हजार पगार आणि त्यावर साडेबारा हजार टीडीएस (पगारातूनच कापलेला टॅक्स). तर एकदा प्रोसेस झालेलं रिटर्न बदलता येतं का? वडील म्हणतात इंटिमेशन आलंय ना, मग झोपलेल्याला कशाला उठवता.

बाबूराव_७७
इंटिमेशन आलंय म्हणजे आता रिवाइज (सुधारून परत भरणं) होत नाही. रेक्टिफिकेशन (चूकदुरुस्तीचा अर्ज) टाका, पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये ऑप्शन आहे. पाच मिनिटांचं काम.

हिशेबनीस
बाबूराव, नाही हो. या दोन गोष्टी दरवर्षी एकमेकींत मिसळल्या जातात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेक्टिफिकेशन म्हणजे कलम १५४. रिटर्न प्रोसेस करताना जी चूक कागदावर उघड दिसतेय तिच्यासाठी ते असतं, म्हणजे टीडीएस तुम्ही दाखवलाय, २६एएसमध्ये (पॅनवर जमा टॅक्सचा खात्याचा उतारा) पण आहे आणि तरी सीपीसीने धरला नाही, असलं काहीतरी. दाखवायचंच राहिलेलं उत्पन्न त्यातून घालता येत नाही. त्यासाठी रिवाइज्ड रिटर्न, कलम १३९(५). आणि प्रोसेस झालं म्हणजे दार बंद असं काही नाही, रिटर्नची असेसमेंट (अधिकाऱ्याने केलेली तपासणी) पूर्ण झालेली नसेल तर हे रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत रिवाइज करता येतं. १४३(१)चं इंटिमेशन म्हणजे असेसमेंट नव्हे. भावाला सांगा आरामात होईल, फक्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, पोर्टल तेव्हा कसं चालतं ते सगळ्यांना माहितीये.

वडिलांचं म्हणाल तर जुन्या कंपनीने टीडीएस कापून भाऊच्याच पॅनवर भरलाय, ते एआयएसमध्ये (पॅनवरच्या उत्पन्नाची खात्याकडची यादी) लख्ख दिसतंय. खात्याला काही शोधायला जायला नको. उद्या त्यांनी काढलं तर कलम २७०ए आहे, कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या टॅक्सच्या ५० टक्के दंड, आणि मुद्दाम चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. ओळ आपण होऊन डिलीट केलेली आहे हे विसरू नका.

सिन्नरकर_दादा
धन्यवाद सर. पण मग साडेबारा हजार तर आधीच कापलेत ना, उलट थोडाफार रिफंडच निघेल असं भाऊ म्हणतोय.

हिशेबनीस
नाही निघणार, उलट भरावे लागतील, आणि बरेच. नोकरी बदलणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. नवीन कंपनीने फक्त आपला ६.३० लाखांचा पगार बघितला, त्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची सरसकट वजावट) दिलं, उरले ५.५५ लाख, म्हणजे त्या वर्षीच्या सात लाखांच्या मर्यादेत, म्हणून ८७एची रिबेट (छोट्या उत्पन्नाला टॅक्समाफी) लावून टीडीएस शून्य. तिकडे जुन्या कंपनीनेही आपल्या हिशेबात ७५ हजार आणि पहिले तीन लाख सोडले होते. सवलती दोन्हीकडे मिळाल्या, माणूस मात्र एकच.

आता एकत्र करा, २०२४-२५च्या दरांनी. ९ लाख ९० हजार, त्यातून ७५ हजार एकदाच, उरले ९ लाख १५ हजार. तीन ते सात लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यावरच्या २ लाख १५ हजारांवर १० टक्के म्हणजे साडेएकवीस, मिळून ४१,५००, त्यावर ४ टक्के सेस धरून ४३,१६०. सात लाखांच्या वर गेल्यामुळे रिबेट गेली. टीडीएस १२,५०० वजा केला की ३०,६६० भरायचे. शिवाय २३४बी आणि २३४सीचं व्याज (आगाऊ टॅक्स कमी भरल्याबद्दल), नोव्हेंबरात भरलं तर दोन्ही मिळून साधारण चार हजार. बीचं व्याज महिन्याला १ टक्का वाढत राहतं म्हणून लांबवू नका. लेट फी लागणार नाही, मूळ रिटर्न वेळेत होतं.

नवीन कंपनीत रुजू होताना फॉर्म १२बी भरून आधीचा पगार कळवला असता तर हे सगळं दर महिन्याच्या टीडीएसमध्येच मिटलं असतं. पण एचआरवाले सांगत नाहीत आणि जॉइनिंगच्या गडबडीत पोरंही विचारत नाहीत.

सिन्नरकर_दादा
अरे देवा. चौतीस-पस्तीस हजार. बरं, प्रोसेस काय मग? फक्त जुन्या कंपनीचं तेवढं ॲड करायचं का?

मीरा_ठाणे
मी माझ्या मिस्टरांचं असंच केलं होतं तर सांगते. आधी पोर्टलवर ई-पे टॅक्समधून सेल्फ असेसमेंट टॅक्स (कोड ३००) भरायचा, असेसमेंट इयर (कमाईच्या पुढचं वर्ष) २०२५-२६ निवडायचं, इथे लोक हमखास वर्ष चुकवतात. मग रिवाइज्डमध्ये सगळंच्या सगळं परत भरायचं, दोन्ही कंपन्या, बँकेचं व्याज, सगळं, कारण नवीन रिटर्न जुन्याच्या जागी बसतं, त्याला जोडलं जात नाही. मूळ रिटर्नचा पोचपावती नंबर आणि तारीख लागते. चलनाचा तपशील टाकायचा आणि शेवटी परत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पुष्टी), ३० दिवसांत. पहिलं व्हेरिफाय केलंय म्हणून याला चालेल असं नसतं.

बाबूराव_७७
मान्य, माझं चुकलं. पण ३१ डिसेंबर हुकली तर? मग तरी अपडेटेड रिटर्न आहेच की, चार वर्षं मुदत झालीय आता.

हिशेबनीस
आहे, आयटीआर-यू, ४८ महिने. पण फुकट नाही. ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर टॅक्स अधिक व्याजावर २५ टक्के जादा, म्हणजे या भावाला आठ-नऊ हजारांचा भुर्दंड, पुढे ५०, ६०, ७० टक्के असं वाढत जातं. आणि त्यातून रिफंड मागता येत नाही की टॅक्स कमी करता येत नाही.

गोव्याची_शमा
मधेच विचारते, माझ्या आईचं वेगळंच आहे. एफडीचं व्याज दाखवलंय, सगळं बरोबर, फक्त बँक अकाउंट बंद झालेलं दिलं गेलं म्हणून रिफंड परत गेला. तिला पण रिवाइज करावं लागेल का?

मीरा_ठाणे
नाही गं, त्याला रिटर्नला हात लावायचा नाही. चालू असलेलं अकाउंट पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट करायचं (पडताळून घ्यायचं) आणि रिफंड रीइश्यूची, म्हणजे पुन्हा पाठवण्याची, रिक्वेस्ट टाकायची, बस.

सिन्नरकर_दादा
आज रात्री भावाला बसवतो समोर. एकच राहिलं, हे रिवाइज केल्यावर अजून काही सापडलं, त्याची एक रिकरिंग पण आहे म्हणतो, तर पुन्हा करता येतं का?

हिशेबनीस
मुदतीत कितीही वेळा. पण आधी एआयएस डाउनलोड करून वरून खालपर्यंत वाचा, रिकरिंगचं व्याज बहुधा त्यात असेल, नसलं तर बँकेतून सर्टिफिकेट आणा. आणि ते व्याज धरल्यावर वरचा माझा आकडा बदलेल, तेव्हा चलन त्यानंतरच काढा.