शब्दचर्चा : ‘अरेंजर’ आणि ‘वर्कस्टेशन’ यांत फरक काय?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा)
मंडळी, माझा भाचा नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याला नवा कीबोर्ड घ्यायचा आहे. यामाहाचा पीएसआर-एसएक्स900 पाहून आला. दुकानदार म्हणाला, “हे वर्कस्टेशन आहे.” ऑर्केस्ट्रातले म्हणतात, “तो अरेंजर आहे, आपल्या कामाचा नाही.” वस्तू एक आणि नावं दोन, हे कसं? यांना मराठीत काही म्हणतात का? आमच्या घरात थोरली मंडळी अजूनही असल्या प्रत्येक वाद्याला ‘कॅसिओ’च म्हणतात.

उत्तर (मांजलपूर)
ताई, दुकानदार पुठ्ठ्यावरचं वाचतोय आणि वादक वापरातलं बोलतायत. यामाहा या वाद्याच्या माहितीपुस्तिकेवर ‘डिजिटल वर्कस्टेशन’ असंच छापते. यामाहाच्याच मोठ्या जेनोस कीबोर्डवरही तेच. पण वाजवणारे या दोघांना अरेंजरच म्हणतात. कॉर्ग कंपनीच्या कीबोर्डांच्या ‘पीए’ मालिकेत हा घोळ नाही, त्या दोन अक्षरांचा विस्तारच ‘प्रोफेशनल अरेंजर’ असा आहे.

उत्तर (इंदूर)
‘अरेंजर’ हा मुळात माणसाचा हुद्दा. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर होते. मराठीत आपण अनिल मोहिल्यांना ‘संगीत संयोजक’ म्हणत आलो. चाल तयार असते, ती कोणत्या वाद्यांत कशी वाटायची हे संयोजक ठरवतो. हा कीबोर्ड तेच काम त्या क्षणी करतो. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीनचार स्वर, धरली की त्या कॉर्डप्रमाणे बास, गिटार, स्ट्रिंग्ज आणि ड्रम हलू लागतात. या तयार साच्याला ‘स्टाइल’ म्हणतात. इंट्रो, मुख्य भाग, फिल-इन, एंडिंग असे तिचे तुकडे बटणावर असतात.

वर्कस्टेशन हा शब्द वाद्यांच्या बाबतीत रुळला तो 1988 मध्ये कॉर्ग एम1 आल्यावर. टोन (वाद्यांचे आवाज), ड्रम, इफेक्ट आणि वाजवलेलं टिपून पुन्हा वाजवणारा सीक्वेन्सर एकाच यंत्रात, म्हणजे अख्खं गाणं एका जागी बसून बांधता येतं, म्हणून ते नाव. पुढे यामाहाचा मोटिफ, रोलँडचा फँटम, कॉर्गचा क्रोनॉस हे त्याच कुळातले. वर्कस्टेशनचा भर अरेंजरसारख्या तयार स्टाइलवर नसतो. मुख्यतः तुम्ही आधी बांधून ठेवलेलं ते वाजवतं, किंवा तुमची बोटं जे वाजवतील ते.

एक सूचना: ज्यात सीक्वेन्सर नाही त्याला वर्कस्टेशन म्हणू नये, ‘सिंथ’ म्हणावं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रांत रोलँडचा एक्सपीएस-10 फार दिसतो. त्यालाही लोक सर्रास वर्कस्टेशन म्हणतात, पण कंपनी त्याला सिंथेसायझरच म्हणते आणि ते बरोबर आहे.

उत्तर (रावपुरा)
मराठी प्रतिशब्द हवेतच. सयाजीरावांच्या काळात आपल्या बडोद्यात राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश झाला. त्या गावाने ‘कॅसिओ’वर थांबू नये. अरेंजरला ‘संयोजक’, वर्कस्टेशनला ‘कार्यस्थानक’. कसं वाटतं?

उत्तर (मांजलपूर)
‘कार्यस्थानक’ ऐकून एसटीचा फलाट आठवतो. आणि ‘संयोजक’ आता कार्यक्रम आखणाऱ्याला म्हणतात. निवेदकाने स्टेजवरून “संयोजक बंद पडला” म्हटलं तर काय समजायचं? मी सुचवतो ‘साथीचा कीबोर्ड’ आणि ‘बांधणीचा कीबोर्ड’. दोन्ही शब्द गाण्याच्या बैठकीतलेच आहेत.

उत्तर (इंदूर)
‘बांधणीचा’ आवडला. ‘साथीचा’बद्दल मात्र माझी हरकत आहे, आणि भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. साथ करणारा तबलजी गायकाचा श्वास ऐकतो. गायक समेवर रेंगाळला तर तोही थांबतो. अरेंजर फक्त धरलेल्या कॉर्डचे स्वर ऐकतो, लय ऐकत नाही. ती त्याच्या आतल्या घड्याळाची. ठोके देऊन लय ठरवायचं ‘टॅप टेम्पो’ बटण असतं, पण ते माणसाने दाबायचं. स्टाइलमधले ड्रम बंद करून नुसता बास ठेवता येतो, तरी तो बास त्याच घड्याळावर चालतो.

आता गरबा घ्या. समोर ढोल, बाजूला ऑक्टापॅड (काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), आणि लय हळूहळू चढत जाते. ताल गरब्याचा, हींच, सहा मात्रांचा. ढोलवाला लय खेळणाऱ्यांच्या पावलांकडे बघून ओढतो. तिथे स्टाइल चालू ठेवली की दोन लयी एकमेकींशी भांडतात. म्हणजे ऑर्केस्ट्रातले ‘कामाचा नाही’ म्हणतात ते वाद्याला नव्हे, त्या जागेपुरतं. ताल धरणारी माणसं हजर असताना कीबोर्डवाल्याकडून हवा असतो झटकन बदलणारा टोन: मुखड्याला शहनाई, मध्ये स्ट्रिंग्ज, पट्ट्या दोन भागांत वाटून (स्प्लिट करून) डाव्या हाताखाली बास. कॉर्गचा क्रोनॉस आणि यामाहाचा मोंटाज यांसारख्या वाद्यांत टोन बदलताना आधीचा आवाज मध्येच तुटत नाही, स्टेजवर ही फार मोठी गोष्ट आहे.

मात्र हाच भाचा उद्या मंडळाच्या कोजागिरीला एका गायिकेबरोबर एकटा बसला, तर मी त्याला डोळे मिटून अरेंजर घ्यायला सांगेन. बास, ड्रम, गिटार वाजवायला कोणी नाही आणि फर्माईश आयत्या वेळी येते. तिथे आधी बांधून ठेवायला सवड कुठली?

प्रश्नकर्ती
म्हणजे ‘साथीचा’ नको?

उत्तर (इंदूर)
ताई, ‘साथीचा’ असू द्या. बोलायला सोपा आहे आणि पेटीवालाही साथच करतो म्हणतात. अर्थ सांगताना ‘साथ कॉर्डची, लयीची नाही’ एवढं जोडा. लिंगाचं म्हणाल तर ‘तो अरेंजर’ आणि ‘ते वर्कस्टेशन’ हे बोलण्यात पक्कं झालंय, तसंच लिहावं.

भाच्याला म्हणावं, दुकानात नाव विचारू नकोस. डाव्या हाताने ‘सा’ची कॉर्ड धर आणि स्टाइल सुरू कर. मग ‘म’च्या कॉर्डवर जा. बास मागोमाग आला तर तो साथीचा. नंतर त्याच्याकडे सहा मात्रांची स्टाइल माग आणि शेजारी मित्राला हातावर हींच धरायला लाव.