प्रति: ५०% लाल दोनदा टाकला तर १००% का होत नाही?

वरती कुणीतरी विचारलंय, अर्धपारदर्शक लाल थर दोनदा टाकला तर पूर्ण लाल का होत नाही, म्हणून लिहितोय. अल्फा, म्हणजे रंग खालचं किती झाकतो ते सांगणारा ० ते १ मधला आकडा, त्याला रंगीत काच समजलात की घोळ होतोय बघा, आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागावरचं कापड डोळ्यासमोर आणा, उभा धागा लाल आणि आडवा पांढरा, लांबून गुलाबी दिसतंय की नाही? अल्फा ०.५ म्हणजे तेवढंच, पिक्सेलचा अर्धा भाग वरच्या रंगानं झाकला, उरलेल्या अर्ध्यातनं खालचा दिसतोय. पांढऱ्यावर लाल टाकलात की २५५,१२८,१२८ (लाल, हिरवा, निळा किती ते ० ते २५५ मध्ये). आता दुसरा लाल थर उरलेल्या अर्ध्याचाच अर्धा झाकणार ना, म्हणून ७५%.

आणि क्रम बदलला की रंग बदलतो हेही खरं. पांढऱ्यावर आधी निळा मग लाल, दोन्ही अर्धे, तर १९१,६४,१२८ येतं, उलट केलात की १२८,६४,१९१, म्हणजे पार जांभळट निळा. म्हणून थ्रीडीत पारदर्शक वस्तू मागनं पुढं अशा काढाव्या लागतात, कटकट आहे ती.

पारदर्शक चित्राच्या कडेला काळी रेघ येते त्याचं म्हणाल तर गेल्या गणपतीत मंडळाच्या बॅनरवर मीच खाल्लोय तो मार, मूर्तीची पीएनजी (पारदर्शक पार्श्वभूमीची चित्राची फाइल) लहान केली आणि मुकुटाभोवती काजळ फासल्यासारखं. पूर्ण पारदर्शक पिक्सेलमध्येही काळा रंग लपून बसलेला असतो ओ, लहान करताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतात त्यात तोच मिसळतोय. रंगाला आधीच अल्फानं गुणून ठेवायचं, म्हणजे प्रीमल्टिप्लाइड, पोर्टर आणि डफ या संगणक-ग्राफिक्सवाल्यांनी १९८४ च्या पेपरात हेच मांडलंय. मग सूत्र सोपं, वरचा (गुणलेला) रंग अधिक खालचा गुणिले (१ वजा वरचा अल्फा). फक्त सॉफ्टवेअरला तसं सांगायला विसरू नका, नाहीतर दोनदा गुणलं जातं आणि कडा परत काळपट.