मुळशीतलं रोप पिवळं का पडलं?

अमृता (सी-२०४): शिंदेकाका, खाचराचा फोटो पाहिला. रविवारी आपण लावलेलं भात पिवळं पडलंय! आमच्या हातून काही चुकलं का? आर्या सकाळपासून विचारतेय.

शिंदेकाका (ए-१०१): अगं, लावणीनंतर रोप पिवळं पडतंच. उपटताना बारीक मुळं तुटतात. उरलेल्या मुळांना पुरेसं पाणी ओढता येत नाही आणि वर पानांना ऊन-वारा लागतच असतो. मग रोप वाढ थांबवून आधी मुळं काढतं. आज एक चूड, म्हणजे एकत्र खोचलेल्या रोपांचा झुपका, हळूच उपसून बघितला. काळपट जुन्या मुळांच्या वर चार पांढरीशुभ्र मुळं आलीत, नखाएवढी. जीव धरलाय त्याने.

जोशीकाका (बी-५०३): युरिया टाकला तर लवकर हिरवं होईल ना?

शिंदेकाका: आत्ता नको. पुरेशी मुळंच नाहीत, तर घेणार कोण? युरिया-डीएपी खताच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध खोचल्यात ना आपण, मुळं वाढली की तिथे पोचतील. पाणीही बेताचंच ठेवलंय.

अमृता: म्हणजे भात कमी नाही ना होणार?

शिंदेकाका: आठवडाभरात सावरलं तर या पिवळेपणाने फारसा फरक पडत नाही. मला काळजी रोपाच्या वयाची आहे. २१-२५ दिवसांचं लावायचं, पाऊस लांबला म्हणून ३८ दिवसांचं झालं. वय झालेल्या रोपाला धक्का जास्त बसतो. चौथ्या-पाचव्या पानापासून बुडातून फुटवे निघायचे, ते दिवस राबातल्या, म्हणजे रोपं वाढवायच्या वाफ्यातल्या, दाटीतच गेले. आता फुटवे कमी येणार, तेही उशिरा. उशिराच्या फुटव्याची लोंबी आखूड, कापणीपर्यंत नीट भरत नाही, झोडल्यावर पळंज, म्हणजे पोकळ दाणेच जास्त. म्हणून तर दोनाऐवजी चार-चार रोपांचा चूड लावायला सांगत होतो.

आणि बांधाकडच्या दोन ओळी फार खोल गेल्यात, चांगली चार बोटं. दोन-तीन सेंटिमीटर पुरे असतं. खोल गेलं की रोपाला वरच्या पेरावर पुन्हा मुळं काढावी लागतात, फुटवे आणखी मागे पडतात. तिथे मुलं लावत होती, मी जवळ थांबायला हवं होतं.

अमृता: मग त्या ओळी पुन्हा लावायच्या?

शिंदेकाका: नको, पुन्हा उपटलं तर दुसरा धक्का. जिथे चूड मेलेत तिथे मात्र नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवं रोप लावायचं, दहा दिवसांच्या आतच. राबात मूठभर रोप शिल्लक ठेवलंय. शनिवारी सकाळी सहाला गेटवर या, ऊन चढायच्या आत लावून होईल. आर्यालाही आणा, किती खोल खोचायचं ते तिच्या शेजारी बसून दाखवतो.

अमृता: आम्ही दोघी नक्की येतो.

जोशीकाका: माझ्या गाडीत तीन जागा आहेत.