आधी ब्रेकचा ब्लीडर निपल सोडून बघा

गाडी तापली की पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक आपोआप धरतो आणि थंड झाल्यावर सुटतो म्हणताय, तर ब्रेक पॅड बदलायची घाई करू नका. चाक धरलेलं असतानाच सपाट जागी बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅक चढवा आणि कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकचं तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, थोडा सैल करा. तेल पिचकारीसारखं उडून चाक हाताने फिरायला लागलं, तर दाब आत अडकलाय. एकच चाक असल्याने पहिला संशय कॅलिपरला तेल नेणाऱ्या रबरी होजवर, म्हणजे नळीवर. तो आतून फुगून तेल परत येऊ देत नाही, बाहेरून मात्र नवा दिसतो! ताम्हिणी घाट उतरल्यावर माझ्या गाडीत हेच निघालं. निपल सोडूनही चाक घट्टच राहिलं, तर कॅलिपरमधला पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना गंजल्यात. दुरुस्ती होईतोवर कृपा करून गाडी घाटात नेऊ नका.