दोन मिनिटं थांबल्याने खरंच काही होतं का?

दुपारचं ऊन:
गेले तीन महिने मी दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं थांबतेय आणि मला फरक जाणवतोय, म्हणून हा धागा. फार काही करत नाही, एक काम संपलं की दुसरं उघडायच्या आधी खुर्चीत टेकून बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे आणि सात-आठ श्वास सावकाश, त्यात सोडायला जास्त वेळ द्यायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, ही शरीराचीच रीत आहे, त्यासाठी कशावर विश्वास ठेवावा लागत नाही. आधी माझं काय व्हायचं, मीटिंग संपली तरी डोक्यात तीच चालू आणि हात पुढच्या ईमेलवर. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं हेच मांडलंय, काम बदललं तरी लक्षाचा एक तुकडा आधीच्या कामातच अडकून राहतो. माझं मत, कितीही बिझी असलो तरी दोन मिनिटं प्रत्येकाकडे असतातच.

अर्धी झोप:
शेवटचं वाक्य अजिबात पटलं नाही. माझी आई दीड वर्षं अंथरुणाला खिळून आहे, नोकरी आहे, रात्री दोनदा उठावं लागतं तिला कूस बदलून द्यायला. मला "प्रत्येकाकडे असतातच" असं कोणी म्हणलं की वाटतं घ्या, अजून एक गोष्ट मला जमत नाहीये. आणि ऑफिसात तर कहर, दोन माणसं कमी केली, त्यांचं काम आमच्यावर, आणि वर आम्हाला ध्यानाचं ॲप फुकट! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या सततच्या ताणातून येणारी अवस्था अशी. ताण तिथे आहे आणि श्वास मात्र मी मोजायचे?

रातपाळी:
अर्धी झोप, ॲपबद्दल १०० टक्के तुमच्या बाजूने. पण मी वॉर्डात नर्स आहे, वेगळा वेळ मलाही मिळत नाही, तरी थांबते, कसं ते सांगते. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि ते दिवसभर करावंच लागतं. तेवढा वेळ फक्त पाणी, फेस, बोटं, पुढच्या पेशंटचा विचार नाही. आधीच्या खोलीतला पेशंट गेला असेल तर त्याच बेसिनपाशी मी एक लांब श्वास घेते, नाहीतर ते ओझं पुढच्या माणसापर्यंत जातं. त्याला माझं तोंड उतरलेलं का दिसावं?

आकडेमोड:
दोन्ही बाजूंना थोडं थोडं. छोट्या ब्रेकवरच्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्लॉस वन या विज्ञानपत्रिकेत आलं, त्यात १० मिनिटांपर्यंतच्या ब्रेकने थकवा कमी होतो, उत्साह वाढतो असं दिसलं, पण एकूण कामगिरीत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे बरं वाटतं हे खरं, फार दमवणाऱ्या कामानंतर तेवढ्याने भागत नाही हेही खरं. आणि कृपया ब्रेकमध्ये मोबाईल नको, त्यात डोळे आणि लक्ष दोन्ही पुन्हा कामालाच लागतात.

मोकळी खिडकी:
एक महत्त्वाचं कोणी बोललं नाही. मला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते, घाबरायला होतं, आणि असं होणारी मी एकटी नाही. मी डोळे उघडे ठेवून लांबचं काहीतरी बघते, झाड, गच्ची, काहीही. स्क्रीनवाल्यांना सांगतात ना, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद, तसंच. ज्यांना श्वासाचं जमत नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नका प्लीज.

दुपारचं ऊन:
अर्धी झोप, ते वाक्य मी मागे घेते. माझ्या घरी कोणी आजारी नाही, रात्रीची झोप सलग होते, हे लिहिताना डोक्यातच आलं नाही. थांबल्याने फायदा होतो यावर मात्र ठाम आहे, कारण तीन महिन्यांपूर्वी मी संध्याकाळी घरच्यांवर रोज ओरडत होते.

अर्धी झोप:
मागे घेतलंत, बरं वाटलं. रातपाळी, तुमचं हात धुण्याचं काल आईचं अंग पुसताना करून पाहिलं, कोमट पाणी आणि तिचा हात, बाकी काही नाही. मिनिटभर शांत वाटलं आणि मग एकदम रडू आलं, कारण कळलं की मी किती दमलेय. म्हणून आज भावाला फोन केला, रविवार पूर्ण तू सांभाळायचास म्हणून. तो बघतो म्हणालाय, मी "बघतो" नको, हो किंवा नाही सांग म्हणलंय.