मदत हवी आहे: असईच्या लढाईसाठी छोटे सैनिक रंगवतोय, रंग टिकत नाहीये

बिनीचा स्वार

नमस्कार मंडळी,

इथे मिनिएचर रंगवणारे किंवा वॉरगेम खेळणारे कोणी आहे का? वॉरहॅमरवाले (तो काल्पनिक फौजांचा टेबलावरचा युद्धखेळ) असाल तरी चालेल, मला मुख्य मदत रंगाची हवी आहे आणि जमलं तर नियमांचीही.

थोडी पार्श्वभूमी. ऑफिसमधल्या पोरांकडे वॉरहॅमर बघितलं, आवडलं पण, पण एका डब्याची किंमत ऐकली आणि म्हटलं एवढा खर्च करायचाच तर अंतराळातल्या चिलखतवाल्यांवर कशाला, आपल्या ओळखीच्या लढाईवर करू. आधी पानिपत डोक्यात होतं, पण तेवढी माणसं रंगवायची तर मला रिटायर व्हावं लागेल. म्हणून असई धरली. 23 सप्टेंबर 1803, एका बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लू जिंकला तोच), जागा आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनकडे, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. नद्यांमुळे टेबलाच्या कडा आयत्याच मिळतात आणि मैदान आवाक्यातलं आहे.

सैनिक 1/72 मापाचे आहेत, म्हणजे उभा माणूस जेमतेम 24 मिमी. इंग्रजांचे डब्यात मिळणारे मऊ प्लॅस्टिकचे, नेपोलियनच्या काळातले रेडकोट (लाल डगल्याचे इंग्रज शिपाई) आणि हायलँडर (स्कॉटिश). मराठ्यांकडचे मनासारखे मिळेनात म्हणून एकाकडून रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतले, त्यात गोलंदाज, तोफा, बैल, घोडेस्वार आणि कंपूचे (शिंद्यांच्या युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या फौजेचे) कवायती शिपाई आहेत.

आता रडगाणं. मऊ प्लॅस्टिकवाल्यांच्या संगिनी आणि बंदुकांच्या नळ्यांवरचा रंग टवके निघून पडतोय, म्हणजे लाल डगला झकास, पट्टे पांढरेशुभ्र आणि संगिनीच्या टोकाला आतलं करडं प्लॅस्टिक डोकावतंय, पोराने नुसतं उचलून बघितलं तरी बोटाला रंगाचा पापुद्रा येतो. हार्डवेअरच्या दुकानातला काळा स्प्रे मारलाय, त्यावर साधे अॅक्रिलिक.

दुसरं, एक तुकडी पूर्ण झाली म्हणून वरून मॅट वार्निशचा स्प्रे मारला (डोंबिवली, जुलै, बाल्कनी, समजून घ्या) तर सगळ्या पलटणीवर पांढुरकी साय धरली. धुक्यातली लढाई म्हणून खपवली असती पण असईला धुकं नव्हतं.

तिसरं म्हणजे कातडीचा रंग. फ्लेश नावाच्या बाटलीतून जे निघतं ते साहेबालाच शोभतं. आपल्या माणसांसाठी ब्राऊन लावला तर चेहरा नुसता चॉकलेटचा गोळा दिसतो, नाक डोळे काही कळत नाही, आणि उजेड दाखवायला पांढरा मिसळला की राख फासल्यासारखं होतं.

आणि शेवटचं, नियम. जेवणाच्या टेबलावर चार बाय तीन फुटांत, दोनअडीच तासांत उरकेल असं काही सुचवा. समोर मेव्हणा असणार आहे आणि त्याला जाड पुस्तक दाखवलं की तो कॅरम काढतो.

बाहेरून रंग मागवायला ना नाही, पण थोडेच घेईन, तेव्हा नेमके कुठले ते सांगा. आगाऊ धन्यवाद.

ओली पॅलेट

स्वागत. आधी एक प्रश्न, सैनिक रंगवण्याआधी धुतले होतेत का? साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट पदार्थ अंगावर राहिलेला असतो, त्यावर काहीच धरत नाही.

बिनीचा स्वार

हो, भांड्यांच्या लिक्विडने कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने घासून. डगल्यावरचा रंग पक्का आहे, फक्त बारीक वाकणाऱ्या भागांवरूनच निघतोय.

ओली पॅलेट

मग रोग कळला. हे प्लॅस्टिक पॉलिथिनच्या जातीचं असतं, एक तर त्याला रंग चिकटायला मुळात नाराज आणि वर ते वाकतं. हार्डवेअरचा स्प्रे वाळला की कडक होतो. संगीन वाकली की खालचं वाकतं, वरचं वाकत नाही, मग तडा जातो आणि टवका उडतो. डगला वाकत नाही म्हणून तिथला रंग शाबूत. म्हणजे तुम्हाला खालपासून वरपर्यंत लवचिक थर हवेत.

गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात जा आणि बंपरसाठीचा प्लॅस्टिक प्रायमर मागा. पारदर्शक असतो, प्लॅस्टिकवर पकड यावी म्हणूनच बनवलेला. एका फुटकळ सैनिकावर मारून बघा, वाळला की संगीन मुद्दाम वाकवा, टिकला तरच बाकीच्यांवर. त्याच्यावर व्हायेहो (Vallejo) या रंगाच्या कंपनीचा ब्रशने लावायचा सरफेस प्रायमर, तो पॉलियुरेथेनचा आहे, वाळल्यावर रबरासारखा ताणतो. बाहेरून एकच बाटली मागवणार असाल तर हीच मागवा. वरचे रंग आपले कापडावरचे अॅक्रिलिक चालतात, ते कापडाबरोबर वाकावेत म्हणूनच केलेले असतात, फक्त जाड असतात. पाणी घालून दुधाइतके पातळ करा आणि दोन हात द्या, एका जाड हातात बटणं, पट्टे, सगळं बुजून जातं.

कागदी होडी

एवढ्या खटाटोपाची गरज नाही हो. फेविकॉल पाण्यात पातळ करून आधी एक हात आणि रंगवून झाल्यावर एक हात. माझे लहानपणचे सैनिक अजून तसेच आहेत.

ओली पॅलेट

कोरड्या हवेत चालतं, मान्य. पण साधा पांढरा फेविकॉल ओलाव्याने मऊ पडतो, आणि हे डोंबिवलीत आहेत. श्रावणात सैनिक डब्यात एकमेकांना चिकटून बसतील.

कागदी होडी

हे बरोबर आहे, मी सोलापूरचा. माघार.

ओली पॅलेट

आता पांढरी साय. कॅनमधून बाहेर पडणारा गॅस थंड असतो, हवेत पाणी भरलेलं असलं की ते वार्निशच्या ओल्या थरात धरतं, आणि थर वाळला की धुरकट दिसतो. घाबरू नका, खरवडूही नका. त्यावर ग्लॉस वार्निशचा पातळ हात ब्रशने द्या, बहुतेक वेळा साय नाहीशी होते. मग चकाकी मारायला मॅट, तेही ब्रशनेच, आणि बाटली खूप हलवून घ्या कारण मॅट करणारी पावडर तळाला बसलेली असते. पावसाळ्यात स्प्रेला हातच लावायचा नाही, माझा तरी जून ते सप्टेंबर हाच नियम.

मे महिन्यात उलटा प्रकार होतो. लांबून स्प्रे मारला तर रंग सैनिकापर्यंत पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि अंगावर रवा पडल्यासारखा खरखरीत थर बसतो. पांढुरकं दिसलं तर ओलावा, खरखरीत लागलं तर उष्णता किंवा अंतर. साधारण वीतभर अंतर ठेवा आणि हात न थांबवता पुढे न्या.

रेझिनराव

रेझिनवाल्या सैनिकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ते हाताला चिकट लागतात का? लागत असतील तर नीट धुतले नाहीत किंवा यूव्हीखाली पूर्ण वाळवले नाहीत, प्रिंट करणाऱ्याला परत द्या आणि अल्कोहोलने धुवून पुन्हा क्युअर करून मागा. कच्चं रेझिन उघड्या हाताने हाताळू नका, अंगावर पुरळ उठतं. पोराच्या हाती तर अजिबातच देऊ नका.

आणि भाले. प्रिंट केलेले भाले पहिल्याच डावात मोडणार, लिहून ठेवा. आत्ताच कापून टाका, मुठीला बारीक ड्रिलने भोक पाडा आणि प्लॅस्टिकच्या झाडूची काडी फेविक्विकने बसवा. वाकते, मोडत नाही. सगळ्या घोडदळाला एक काडीभर झाडू पुरतो, घरात कोणाला कळतही नाही.

पेणकर

आमचा घरचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे इथे दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो. सैनिक मी रंगवलेले नाहीत पण चेहरे आयुष्यभर रंगवलेत.

पांढरा मिसळू नका. सावळ्या कातडीवर उजेड पडला की ती पिवळसर तांबूस दिसते, पांढरट नाही. बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) निम्मे निम्मे, त्यात चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), हा तुमचा मूळ रंग. सावलीला त्यातच अंबर वाढवा, वाटलं तर टिपकाभर निळा, काळा नको, काळ्याने चेहरा मेल्यासारखा होतो. उजेडाला ऑकर वाढवा आणि अगदी नाकाच्या शेंड्याला, गालाच्या हाडाला ऑकरमध्ये किंचित नारिंगी. आणि सगळ्या पलटणीला एकच रंग देऊ नका, सायना कमीजास्त करून तीन वाट्या करा, एकाच गावातली माणसंसुद्धा एका रंगाची नसतात.

डोळ्यांचं म्हणाल तर आखणी आमच्याकडे सगळ्यात शेवटी होते आणि ज्याचा हात बसलाय तोच करतो. पण तुमच्या सैनिकाचा चेहराच तीन मिलीमीटरचा, त्यात पांढरं आणि बुबुळ केलं तर तो दचकल्यासारखा दिसेल. भुवईखाली गडद तपकिरी पातळ रंगाची एक रेघ जाऊ द्या, हातभर लांबून डोळे असल्याचा भास होतो, तेवढं बास. मिशीचा फटकारा मात्र सोडू नका, चेहऱ्याला अर्धी ओळख तीच देते.

पांढऱ्या अंगरख्याचंही तेच. पांढरा थेट लावू नका. आधी फिकट राखाडी बदामी, तो सुकला की चुण्यांच्या उंचवट्यावरच मोडका पांढरा. खोलगट भागातला बदामी तसाच सोडा. पागोट्याच्या पेचांनाही हीच युक्ती.

बिनीचा स्वार

पेणकर, दंडवत. कालच एका गोलंदाजावर सायना आणि ऑकर करून बघितला, पहिल्यांदाच माणूस वाटला. निळ्याचा टिपका घालायचं धाडस अजून झालं नाही.

टवाळ टाळकं

एवढी मेहनत आणि लढाई निवडलीत ती आपण हरलेली? हलके घ्या.

गोलंदाज७२

खेळायला तीच उत्तम आहे, कारण ती हातातून निसटलेली आहे, आधीपासून गेलेली नव्हती. वेलस्लीला वाटाडे सांगत होते की नदीला उतार (पायी ओलांडायची जागा) नाही, त्याने दोन काठांवर समोरासमोर दोन गावं बघितली आणि ताडलं की मध्ये वाट असणारच, तिथून तो शिंद्यांच्या बगलेवर आला. त्याचा हिशोब असा की मराठ्यांच्या पलटणी वेळेत तोंड फिरवू शकणार नाहीत. पण पोलमन या शिंद्यांच्या युरोपियन अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणींनी अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर उभी केली. वेलिंग्टनला (म्हणजे वेलस्लीलाच, ही त्याची पुढची पदवी) ही लढाई शेवटपर्यंत विसरता आली नाही ते उगाच नाही.

आता नियम. मी घरी जे खेळतो ते एका पानात मावतं. एक तळ (सैनिक चिकटवायची पट्टी) म्हणजे एक पलटण, चार सेंटीमीटर रुंद, त्यावर चार सैनिक. पायदळ एका वळणात (म्हणजे पाळीत) 15 सेंमी, घोडदळ 30, तोफा बैल जोडलेले असतील तर 10. बंदूक 15 सेंमीपर्यंत, तोफ 60 पर्यंत. साधे सहा बाजूंचे फासे, लांबून 5 किंवा जास्त पडला की लागतो, जवळून 4 किंवा जास्त. दोन फटके बसले की धीराचा फासा: कवायती पलटण 3 वर टिकते, बाकीचे 4 वर, नाही टिकले तर एक चाल मागे. तिसऱ्या फटक्याला तळ उचलायचा. संपलं.

असईसाठी तीन खास नियम जोडा, नाहीतर ती कुठलीही लढाई होईल. पहिला, पहिल्या वळणात मराठी कवायती पायदळाला चाल न गमावता काटकोनात वळता येतं. दुसरा, असई गावाभोवती तोफा दाट मांडा आणि इंग्रजांच्या उजव्या टोकाच्या तळांना (74वी हायलँडर पलटण) फासा 1 पडला की गावाच्या दिशेने सरकायला लावा, खरोखर ती तशीच भरकटली, तोफा आणि घोडदळाच्या तावडीत सापडली आणि शेवटी तिला ब्रिटिश घोडदळाने सोडवलं. तिसरा माझा आवडता. इंग्रजांनी तोफा काबीज केल्या तरी गोलंदाज टेबलावरून उचलायचे नाहीत, आडवे ठेवायचे. शत्रू पुढे गेला की दर वळणाला फासा टाका, 5 किंवा 6 ला ते उठतात आणि त्याच तोफा मागून डागतात. हे खरं घडलं आहे, मेलेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले होते. मेव्हण्याला शिंद्यांची बाजू द्या, कॅरम विसरेल.

बिनीचा स्वार

तिसरा नियम वाचून मेव्हण्याने आत्ताच शिंदे मागून घेतले. पण मग आडवे ठेवायला गोलंदाज तळावर कायमचे चिकटवता येणार नाहीत ना? आणि उचलताना संगिनीला हात न लागता हलवायचे कसे, त्यावरही काही असेल तर सांगा.

रेझिनराव

गोलंदाज एकेकटे ठेवा. प्रत्येकाच्या पायाखाली हार्डवेअरचा लोखंडी वॉशर, भोक एम-सीलने बुजवून त्यावर वाळू आणि रंग. वजनामुळे उभेही नीट राहतात, आडवे केले तरी गडगडत नाहीत. पलटणीच्या तळांना खाली चिकटवायचे पातळ मॅग्नेट शीट आणि ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, लोकलने नेलात तरी हलणार नाहीत. वॉशर स्टेनलेसचे घेऊ नका, बहुतेकांना मॅग्नेट धरत नाही, साधे लोखंडी घ्या आणि गंजू नयेत म्हणून खालूनही रंगाचा एक हात मारा.

ओली पॅलेट

आणि पलटणीचा तळ माणसांपेक्षा बोटभर लांब कापा, मागच्या बाजूला. तीच मूठ. तळाला धरूनच हलवायचं हे मेव्हण्यालाही आधीच सांगून ठेवा.