साडेतीन वर्षांची लेक मोबाइलशिवाय जेवत नाही, आणि त्यावरून आमची दोघांची रोज भांडणं

बाल्कनीतली_तुळस:
नमस्कार, इथलं बरेच दिवस वाचतीये, लिहितीये पहिल्यांदाच, थोडं मोठं झालंय सांभाळून घ्या. लेक साडेतीन वर्षांची आहे. आम्ही पिंपरी-चिंचवडला राहतो, दोघंही नोकरीवाले, त्यामुळे शाळा सुटली की ती पाळणाघरात असते आणि साडेसहाला मी तिला घेऊन घरी येते. पाळणाघरात स्वतःच्या हाताने जेवते, तिथल्या ताई सांगतात डब्यातली पोळी-भाजी संपवते, कधी दुसऱ्यांचं पण मागते. घरी मात्र गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. फोन बंद केला की इतकी रडते की खाल्लेलं सगळं उलटून पडतं.

नवरा येतो साडेआठला. तो आला की आम्ही तिघं एकत्र जेवायला बसतो, दिवसभरात तेवढंच एकत्र होतं म्हणून मीच तसं ठरवलेलं. त्याला तिचं रडणं बघवत नाही, तो म्हणतो अगं लाव ना, पोटात चार घास जाणं महत्त्वाचं, आणि सरळ स्वतःचा फोन तिच्यासमोर ठेवतो. मग मी चिडते, तो म्हणतो दिवसभर ऑफिसात डोकं खाऊन येतो आणि घरी पण तेच, मग मी आणखी चिडते, लेक दोघांची तोंडं बघत बसते. त्यात सासूबाईंचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल असतो, "किती वाळलीय गं पोर, तिला नीट भरवत जा". वजन १३ किलो आहे. घरी आल्यावर मोठा मग भरून दूध आणि दोन-तीन बिस्किटं घेते, रात्री झोपताना परत दूध, तेवढ्या दुधावरच ती जगतीये असं वाटतं मला. झोपते साडेदहाला, कधी अकरा.

फोन कसा सोडवू हा एक प्रश्न, पण खरं सांगायचं तर आता आम्ही दोघं जेवणाशिवाय दुसऱ्या कशावर बोलतच नाही ह्याचं जास्त वाईट वाटतं.

दोन_नातवंडांची_आजी:
अगं तुळस, आधी वजनाची काळजी डोक्यातून काढ. माझी नोकरी बालरोग विभागात परिचारिका म्हणून गेली, रोज दहा आया हेच विचारायच्या. मूल पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होतं, म्हणजे तीन किलोचं नऊ, त्यानंतर मात्र वर्षाला साधारण दोन किलोच वाढतं. वेग कमी झाला की भूकही कमी होते, हे निसर्गाचंच आहे, पण आपल्या डोळ्यासमोर ते पहिल्या वर्षाचं गुबगुबीत बाळ असतं म्हणून मग सगळ्यांना पोर वाळल्यासारखं दिसायला लागतं. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी डब्ल्यूएचओच्या तक्त्यात मधलं वजन १५ किलोच्या आसपास आहे आणि १२ किलोची मुलगीसुद्धा त्यातल्या नेहमीच्या पट्ट्यात बसते. तुझी १३ची आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर तो वाढीचा आलेख असतो, त्यावर जुन्या वजनांचे ठिपके मांडून बघ, रेघ वर जात असेल तर पोर व्यवस्थित वाढतीये.

आता दुधाचं. संध्याकाळी मगभर दूध, वर बिस्किटं, आणि साडेआठला ताट, तिला भूक लागणार कुठून? दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की मुलं जेवत नाहीत, आणि दुधात लोह फार कमी असतं त्यामुळे नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलांचं रक्त कमी होतं. झोपतानाचं दूध आधी बंद कर, संध्याकाळचं अर्धा कप ठेव, बिस्किटाऐवजी केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू दे. आणि साडेआठला ती भुकेलेली नसतेच, वर झोपेला आलेली असते. ह्या वयात दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते, तुझ्याकडे ती कमी पडतीये असं दिसतं. सव्वासातला तिला गरम वरण-भात-तूप, थोडी भाजी असं वाढ आणि तिच्या शेजारी तूही काहीतरी खायला बस.

काय वाढायचं आणि किती वाजता ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिने. पाव पोळी आणि दोन चमचे भाजी एवढंच वाढ, लागलं तर मागू दे. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचल, घास घेऊन मागे पळू नकोस. पानात टाकलं म्हणून ओरडूही नको. मात्र वजनाची रेघ खाली वळली, गिळताना त्रास होतोय, खायचे पदार्थ कमी कमी होत चाललेत, माती-खडू खातीये, फिकट दिसतीये, ह्यातलं काही असेल तर डॉक्टरांना दाखव, थांबू नको.

रात्रपाळीचा_बाबा:
आजींचं सगळं पटलं. मी बापाच्या बाजूने लिहितो. भाऊंना दिवसातून पोरीबरोबर दीड-दोन तास मिळतात आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग रडारडीत जातो, म्हणून त्यांचा हात फोनकडे जातो, त्यांना पोरीची काळजी नाही असं अजिबात समजू नका. तिला सव्वासातला जेवू घातलं तर ते आल्यावर भरवण्याचा विषयच उरत नाही, मग दात घासणं, गोष्ट, झोपवणं हे पूर्ण त्यांच्याकडे द्या. पूर्ण म्हणजे तुम्ही मधे येऊन "असं नाही तसं" करायचं नाही, त्यांनी उलटा नाइट ड्रेस घातला तरी चालेल. पोरीचं बापाबरोबर काहीतरी स्वतःचं तयार होतं त्यातून. आणि ती झोपली की तुम्ही दोघं एकत्र जेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आमच्याकडे ह्या उशिराच्या जेवणात ठरलंय की शाळा, फी, डबा ह्यावर बोलायचं नाही. सुरुवातीला काय बोलावं ते सुचायचंच नाही, नुसतं शांत जेवायचो, पण तेही बरं वाटायचं.

अजून एक, जो त्या क्षणी पोरीला हाताळतोय त्याचा शब्द चालणार, दुसऱ्याने तिच्यासमोर तो फिरवायचा नाही. पटलं नाही तर ती झोपल्यावर बोला. तिच्यासमोर भांडण झालंच तर समेटही तिच्यासमोर व्हायला हवा, नाहीतर तिला भांडण तेवढं दिसतं आणि ते संपलं कधी हे कळतच नाही.

मिसळ_कमी_तिखट:
मला तिघांनी एकत्र जेवणं मोडणं नाही पटत. मुलं आपल्याला बघून खायला शिकतात, पाळणाघरात पोरगी नीट जेवते ती चार मुलं शेजारी बसून जेवत असतात म्हणूनच ना. रोज जमत नसेल तर शनिवार-रविवारची दुपारची जेवणं तरी तिघांनी एकत्र, खाली बसून, टीव्ही बंद.

फोनबद्दल, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगते आणि जेवताना अजिबात नको म्हणते. हळूहळू कमी करण्याच्या भानगडीत पडू नका, पाच मिनिटांची दहा होतात. दोघंही घरी असाल अशा शनिवारी सकाळीच तिला सांगा की आता जेवताना फोन नाही, आईचा नाही बाबांचा पण नाही, आणि मग दोघांनी पाळा. पहिले काही दिवस ती कमी खाईल, रडेल. रडायला लागली की ताट बाजूला ठेवून जवळ घ्या, घास कोंबला की उलटी ठरलेलीच. आणि नाहीच जेवली म्हणून रात्री बिस्किट नको, नाहीतर तिला तो रस्ता कळतो.

बाल्कनीतली_तुळस:
सगळ्यांचे मनापासून आभार, हे काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, रात्रपाळीच्या बाबांचं त्याने परत एकदा वाचायला लावलं. तो म्हणाला झोपवण्याचं मी घेतो. शनिवारपासून सुरू करायचं ठरलंय. पण सासूबाईंचं काय करू? पुढच्या महिन्यात त्या महिनाभर राहायला येतायत, त्या फोन लावून भरवणारच, आणि मी काही बोलले तर ते त्यांना लागतं.

दोन_नातवंडांची_आजी:
त्यांना तू सांगू नकोस, त्यांच्या लेकाने सांगायचं, आणि त्या यायच्या आधी. त्याची आई आहे, त्याच्या तोंडून लागत नाही तेवढं. वजनाच्या आलेखाचा फोटो पाठवू दे त्याला, आम्हा म्हाताऱ्यांना पोर वाळेल हीच भीती असते, ती आधी गेली पाहिजे. आणि त्यांना रिकामं ठेवू नका, संध्याकाळी सातला नातीला शेजारी बसवून चिऊचा घास काऊचा घास करत त्यांच्या हातचं थालीपीठ खाऊ घालायला सांगा. पोरीला शेंगा सोलायला, वाटाणे काढायला, कणकेचा गोळा थापायला बसवा त्यांच्याजवळ.

रात्रपाळीचा_बाबा:
आणि हे सगळं करूनही दोघांमधला ताण कमी होत नसेल, रोजच आवाज चढत असेल, झोप उडाली असेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. एकट्याने फोन केला तरी चालतो, दोघांनी तयार व्हायची वाट बघत बसू नका.